पायकवचाची बांधणी : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल

शिरस्त्राण, छाती आणि हातांचे भाग दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत पूर्ण झाले. आजपासून पायांचे काम हाती घेतले आहे. पोशाख १९७७ साली आलेल्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील पांढऱ्या स्टॉर्मट्रूपर सैनिकाचा आहे आणि तो पडद्यावर दिसतो तसाच व्हावा, हा या प्रकल्पाचा पहिल्यापासूनचा आग्रह आहे. भाग परदेशातील एका छंदी कारागिराकडून मागवलेले आहेत. ते दीड मिलिमीटर जाडीच्या एबीएस प्लास्टिकच्या पत्र्यातून व्हॅक्यूम फॉर्मिंगने, म्हणजे तापवलेला पत्रा हवा शोषून साच्यावर बसवून, काढलेले असून त्यांच्या कडा कापायच्या राहिलेल्या आहेत. प्रत्येक मांडीची आणि प्रत्येक नडगीची आतली आणि बाहेरची अशी दोन अर्धुके असतात, म्हणजे दोन्ही पायांची मिळून आठ. त्याशिवाय डाव्या गुडघ्यावरची पट्टी आणि उजव्या मांडीच्या खालच्या कडेवर बसणारी दारूगोळ्याच्या डब्यांची माळ हे दोन सुटे भाग आहेत.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजने करून पाहिली. कडा कापल्यावर आणि जोडणीच्या पट्ट्या धरून एक मांडी ३९० ग्रॅम आणि एक नडगी २६० ग्रॅम भरते. उजव्या मांडीला डब्यांच्या माळेचे ७० ग्रॅम जास्तीचे. हे आकडे पाहून काम सोपे वाटते, कारण अर्धा किलोसुद्धा नसलेली वस्तू पायावर टिकवून ठेवायची आहे. मात्र ती वस्तू घामेजलेल्या, सतत आकार बदलणाऱ्या आणि खाली निमुळत्या होत जाणाऱ्या मांडीवर तीन तास टिकवायची आहे, आणि बाहेरून एकही बंद, खिळा किंवा बक्कल दिसता कामा नये. ९ जूनला एका बालवाचनालयाच्या कार्यक्रमात हा पोशाख घालून मुलांसमोर उभे राहायचे कबूल केले आहे, त्यामुळे हातात नऊ आठवडे आहेत.

९ एप्रिल

तीन संध्याकाळी चित्रपटातील स्थिरचित्रे पाहण्यात घालवल्या. या चित्रपटाचे वेशभूषाकार जॉन मोलो हे लष्करी गणवेशांचे जाणकार होते आणि या कामासाठी त्यांना ऑस्कर मिळाले, परंतु सैनिक पळू लागले की त्यांचे पाय ज्या प्रकारे हलतात ते पाहून आतली बांधणी घाईची असावी, असा माझा तरी समज झाला आहे. मांडीचे कवच चालताना वर-खाली सरकते, कधी आतल्या बाजूला फिरते आणि त्याखालचा काळा पोशाख अधूनमधून दिसतो. नडगीचे कवच मात्र बुटावर बऱ्यापैकी स्थिर राहते.

पडद्यावरून खात्रीने सांगता येतील अशा गोष्टी थोड्याच आहेत. मांडीच्या पुढच्या आणि मागच्या मध्यरेषेवर दोन अर्धुके एकमेकांना टेकवून त्यांवरून झाकपट्टी चिकटवलेली आहे. नडगीला पुढे तशीच पट्टी असून मागची फट उघडण्याजोगी आहे, कारण घोट्यातून पाय आत जाण्यासाठी तिथूनच वाट काढावी लागते. मांडी कशाला टांगली आहे हे कुठेच दिसत नाही, आणि माझ्या दृष्टीने ही सोय आहे. आपल्या कोल्हापुरात नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळले. पडदा रंगवणारा त्याच्या मागच्या बाजूला काय ठिगळे आणि काय दोऱ्या आहेत याची फिकीर करत नसे. मीही बाहेरची बाजू पडद्याबरहुकूम ठेवणार आहे आणि आतल्या बाजूला मला जे टिकेल ते वापरणार आहे.

१३ एप्रिल

मांड्यांची अर्धुके जोडली. एबीएसचे कापून उरलेले तुकडे अॅसिटोनमध्ये रात्रभर भिजवले की दह्यासारखा लगदा तयार होतो आणि तो आतल्या बाजूने सांध्यात भरला की प्लास्टिक प्लास्टिकमध्ये विरघळून एकजीव होते. बाहेरून पुढे २० आणि मागे २५ मिलिमीटर रुंदीची झाकपट्टी लावली. कपडे वाळत घालायचे चिमटे पुरले नाहीत म्हणून शेजाऱ्यांकडून दोन डझन मागून आणले. लगदा बाहेरच्या चकचकीत पृष्ठभागावर सांडू देऊ नये. डाव्या मांडीवर एक थेंब पडला, तो पुसायला गेलो आणि बोटाचा ठसा कायमचा उमटला. सुदैवाने तो भाग आतल्या बाजूला, दोन मांड्यांच्या मध्ये येतो.

२० एप्रिल

मांडीच्या बांधणीचा पहिला प्रयोग केला आणि तो पूर्णपणे फसला. कल्पना अशी होती की कवचाच्या आत स्पंजच्या गाद्या चिकटवायच्या, वरच्या कडेला आतून चार सेंटीमीटर रुंदीचे इलास्टिक मांडीभोवती आवळायचे आणि कवच पायाला घट्ट धरून ठेवायचे. आरशासमोर उभा असताना ते उत्तम दिसले. त्यानंतर गच्चीवर फेऱ्या मारायला सुरुवात केली, आणि तीनशे पावलांत दोन्ही कवचे चार-चार सेंटीमीटर खाली उतरून गुडघ्यावर आदळू लागली.

कारण नंतर वहीत रेखाटून पाहिल्यावर लक्षात आले, आणि ते आधीच लक्षात यायला हवे होते. मांडी हा उलटा धरलेला शंकू आहे. त्याभोवतीचे कडे एक सेंटीमीटर जरी खाली सरकले तरी ते आधीपेक्षा बारीक जागी पोहोचते, तिथे त्याची पकड आणखी कमी होते आणि ते आणखी खाली सरकते. त्यात पाय उचलताना मांडीचा स्नायू फुगतो आणि टेकवताना सैल पडतो, म्हणजे प्रत्येक पावलाला कडे एकदा ताणले जाते आणि एकदा मोकळे होते. एप्रिलच्या दुपारी घाम येतो तो वेगळाच. इलास्टिक आणखी आवळून पाहिले तेव्हा कवच थोडे अधिक वेळ टिकले, पण अर्ध्या तासात पायाला मुंग्या आल्या आणि इलास्टिकचा लाल वळ रात्रीपर्यंत गेला नाही. आवळण्याचा मार्ग इथेच सोडून देतो.

२१ एप्रिल

गॅलिस वापरून पाहिली. वडिलांच्या जुन्या सुटाबरोबरची गॅलिस ट्रंकेत होती, ती खांद्यावरून घेऊन तिचे चिमटे मांडीच्या वरच्या कडेला लावले. सरळ चालताना ठीक. खाली वाकलो की खांदा आणि मांडी यांतले अंतर बदलते. पुढचे पट्टे ढिले पडतात, मागचे ताणतात आणि कवच मागून वर चढून पोशाखाच्या कमरपट्ट्याला घासते. शिवाय ती छातीच्या कवचाखालून जात असल्याने चालू कार्यक्रमात एखादा चिमटा सुटला तर अख्खे धड उतरवावे लागेल. गॅलिस परत ट्रंकेत गेली.

२७ एप्रिल

आज कमरेवरून टांगण्याची पद्धत बसवली आणि पहिल्यांदाच काम मार्गी लागल्यासारखे वाटले.

युरोपातील पंधराव्या शतकातील पोलादी मांडीकवच आत घातलेल्या जाड, शिवलेल्या अंगरख्याला मेण लावलेल्या दोऱ्यांनी बांधत असत, म्हणजे त्याचे वजन मांडीवर पडत नसे. माझे कवच पोलादाच्या मानाने किरकोळ आहे, पण तत्त्व तेच लागू पडते. पलंगाला वापरतात तसली ५० मिलिमीटर रुंदीची सुती नवार घेऊन तिचा आतला कमरपट्टा केला. तो पोटावर न बांधता थेट नितंबाच्या हाडांच्या वरच्या कडेवर बसवला आहे, त्यामुळे श्वास घेताना सैल होत नाही आणि वजन हाडावर टेकते. तालमीत लंगोटाची गाठ कुठे मारायची यावर वस्ताद जेवढे बोलतात त्यामागचे कारण मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळले.

यानंतरचा प्रश्न पट्टे कुठून खाली सोडायचे हा होता. कमरेपासून मांडीच्या कवचापर्यंत पुढे, बाजूला आणि मागे अशा तीन ठिकाणी शिवणटेप धरून आधी सरळ उभे राहून मापे घेतली आणि नंतर जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवून घेतली. पुढचे अंतर सात सेंटीमीटरने कमी झाले, मागचे सहा सेंटीमीटरने वाढले आणि बाजूचे एका सेंटीमीटरपेक्षाही कमी बदलले. याचे कारण असे की पाय खुब्याच्या सांध्याभोवती फिरतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागणारे हाड साधारण त्या आसाच्या रेषेत असते आणि त्यावरून सरळ खाली जाणारा पट्टा पाय कसाही हलवला तरी जवळजवळ तेवढाच लांब राहतो. पुढून टांगलेला पट्टा प्रत्येक पायरीला ढिला पडणार आणि मागून टांगलेला प्रत्येक पायरीला खेचला जाणार, हे मोजमाप केल्याशिवाय मला सुचले नसते.

केवळ बाजूचा एकच पट्टा ठेवला तर कवच घंटेसारखे डोलते आणि हळूहळू आतल्या बाजूला फिरते. म्हणून दोन पट्टे ठेवले : एक आसाच्या चार सेंटीमीटर पुढे, साध्या नवारीचा, दुसरा सहा सेंटीमीटर मागे, मध्ये पाच सेंटीमीटरचा इलास्टिकचा तुकडा शिवलेला. पुढचा पट्टा उंची ठरवतो आणि मागचा कवच फिरू देत नाही, तरी पाय उचलला की तेवढा ताणून देतो. उजव्या मांडीला डब्यांची माळ पुढच्या बाजूला आहे आणि तिच्यामुळे कवचाची खालची कड आत झुकते; तिथे पुढचा पट्टा एक सेंटीमीटर आखूड करावा लागला. स्पंजच्या गाद्या काढून टाकल्या आहेत. मांडी आणि कवच यांत आता दोन बोटे जातील एवढी मोकळी जागा आहे, आणि कवच पायावर बसलेले नसून पायाभोवती लटकलेले आहे. गच्चीवर एक हजार पावलांनंतर सरक अर्धा सेंटीमीटर.

४ मे

पट्टे कमरेला कसे लावायचे हे सुटले, परंतु खालचे टोक गुळगुळीत प्लास्टिकला कसे लावायचे हा प्रश्न राहिला होता. रिव्हेट मारला तर बाहेर टोपी दिसते. त्याशिवाय एबीएसला भोक पाडले की तिथे ताण एकवटतो आणि कडेच्या जवळ असेल तर तडा जातो. चाचणीच्या तुकड्यावर कडेपासून पाच मिलिमीटरवर पाडलेल्या भोकाला दुसऱ्याच हिसक्यात चीर गेली. डब्यांच्या माळेला पडद्यावर रिव्हेट दिसतोच, तिथे भोक कडेपासून बारा मिलिमीटर आत घेऊन, भोकाची धार घासून आणि आतून वॉशर घालून तो मारला आहे. बाकी सगळीकडे आतून चिकटवलेल्या जिभाच वापरायच्या आहेत.

नवारीचा तुकडा चिकटवून पाहिला तर त्याचे धागे सुटतात आणि गोंद सगळा शोषला जातो. चामडे घ्यावे असे ठरवून चप्पल लाईनला गेलो. ज्या मामांकडून मी दरवर्षी चप्पल घेतो त्यांना कवचाचा तुकडा आणि माझी चिकटवलेली पहिली जीभ दाखवली. त्यांनी जीभ अंगठा आणि तर्जनीत धरून कडेपासून वर सोलली आणि ती केळ्याच्या सालीसारखी निघून आली.

“दादा, ह्यो बंद सरळ वढला तर न्हाई तुटायचा,” ते म्हणाले, “पर कडंनं उचकटतोय. कड जाड ठिवलीया न्हवं? तितनंच हवा शिरती.”

मग रापी घेऊन त्यांनी जिभेच्या चारही कडा आतल्या बाजूने इतक्या पातळ केल्या की शेवटी कागदासारखी कड उरली. जाड कडेला ओढ लागली की ती कड तरफेसारखी वर उचलते आणि गोंदाची एकेक रेघ सुटत जाते. पातळ कड वाकते आणि ओढ पृष्ठभागावर पसरते. त्यांनी दुसरी दुरुस्ती अशी सुचवली की पट्टा जिभेच्या मधोमध न शिवता तिच्या वरच्या टोकाला शिवावा आणि जीभ पट्ट्याच्या ओढीच्याच दिशेत खाली लांब ठेवावी, म्हणजे ओढ सोलण्याच्या दिशेने न लागता घसरण्याच्या दिशेने लागेल. चिकटलेली वस्तू घसरवायला फार जोर लागतो आणि सोलायला फार थोडा, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या दुकानात ते बोटांना समजले.

घरी येऊन ४० बाय ६० मिलिमीटरच्या आठ जिभा कापल्या. प्लास्टिकची आतली बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत केली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, दोन्ही बाजूंना रबरी सोल्युशन लावून ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत वाळवले आणि मगच दाबले. घाईने ओले असताना दाबले तर आतला द्रावक अडकून राहतो आणि एबीएस मऊ पडते. चोवीस तासांनंतर एका जिभेला पाच लिटर पाण्याचा कॅन टांगून पाहिला. टिकला.

११ मे

पट्ट्यांच्या टोकांना टिचबटणे लावली, म्हणजे मांड्या चटकन काढता-घालता येतील. टिचबटणाला वाटी आणि बोंड असे दोन भाग असतात आणि बोंड वाटीत बसले की ते आडव्या ओढीला चांगले दाद देत नाही, पण एका कडेने वर उचलले की लगेच सुटते. म्हणून पट्टा कमरपट्ट्यावर सपाट पडेल आणि वजन नेहमी खालच्या दिशेने, बटणाच्या पृष्ठभागाला समांतर लागेल अशीच रचना ठेवावी लागते. उलट बाजूने विचार केला तर याच गुणामुळे बोट खाली घालून एका झटक्यात मांडी सोडवता येते, जे गरज पडल्यास उपयोगाचे आहे.

आजची खरी नोंद मात्र फजितीची आहे. बाजारातून स्वस्तातली लोखंडी, वर मुलामा दिलेली बटणे आणली होती आणि ती हातोडीने बसवताना मुलामा फुटला होता. गेल्या चार दिवसांत रोज तासभर पोशाख घालून वावरलो. आज मांडी काढून पाहतो तर प्रत्येक जिभेवर बटणाभोवती निळसर काळे वर्तुळ आणि त्यातून खाली पांढऱ्या प्लास्टिकवर ओघळलेली शाईची रेघ. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले असते. त्यातील टॅनिन आणि लोखंड घामात एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुन्या पोथ्यांसाठी हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, तीच मी माझ्या मांडीवर तयार करत होतो. डाग आतल्या बाजूला आहेत, तरी एक ओघळ कडेवरून बाहेर यायला केवळ बोटभर अंतर उरले होते.

सगळी बटणे काढून पितळी बसवली. जिभांच्या उघड्या बाजूला मेण चोळले आहे. ज्यांना हा त्रास नको असेल त्यांनी क्रोमने कमावलेले चामडे घ्यावे. मला मामांकडचे चामडे हाताला आवडले, म्हणून मी तेच ठेवले आहे.

१२ मे

वळवाचा पाऊस. गच्चीवर वाळत ठेवलेल्या नडग्या धावत जाऊन आत आणल्या. काम बंद.

१८ मे

नडगीची मागची फट बंद करण्याचे तीन मार्ग पाहिले.

वेल्क्रो पहिला. जॉर्ज दि मेस्त्राल या स्विस अभियंत्याला १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी फळे पाहून ही कल्पना सुचली, आणि गणपतीच्या पत्रीसाठी आघाडा तोडून आणलेल्या कोणालाही ती पटायला वेळ लागणार नाही. घसरण्याच्या दिशेने त्याची पकड जबरदस्त आहे. परंतु नडगीच्या मागे फटीच्या दोन्ही कडा एकाच रेषेत भेटल्या पाहिजेत, आणि वेल्क्रो पहिल्यांदा जिथे टेकते तिथेच धरते. पाठीमागे हात नेऊन, वाकून, शिरस्त्राण घातलेले असताना दोन मिलिमीटरच्या अचूकतेने ते लावणे मला चार प्रयत्नांत एकदा जमले. शिवाय त्याच्या दोन थरांची जाडी झाकपट्टीला वर उचलते आणि बाजूने पाहणाऱ्याला काळी रेघ दिसते.

चुंबकांची हौस होती, तीही फिटली. नियोडिमियमच्या चकत्या दोन्ही कडांना बसवल्या तर फट आपोआप टक्कन बंद होते आणि पाहणारा वाहवा म्हणतो. मात्र चुंबक सरळ ओढायला जितका दणकट, तितका बाजूने सरकवायला कमकुवत. पोटरी फुगली की एक कड दुसरीवरून वर सरकते आणि तशीच चिकटून बसते. टिचबटणाच्या बरोबर उलटा स्वभाव. मी दिवसभर उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये असतो आणि दुपारच्या सुट्टीत दाखवायला म्हणून नडगी तिथे नेली होती. परत आणेपर्यंत प्रत्येक चकतीवर बिडाचा बारीक कीस उभा राहून तिला मिश्या फुटल्या होत्या. तो कीस टेपने काढायला सबंध संध्याकाळ गेली.

तिसरा मार्ग आकडा आणि इलास्टिक यांचा, आणि तोच कायम केला आहे. आतल्या कडेला दोन मिलिमीटर जाडीच्या पितळी तारेचे तीन आकडे वाकवून चामड्याच्या जिभांवर शिवले. बाहेरच्या अर्धुकावर त्यांच्या समोर इलास्टिकचे फास. झाकपट्टी बाहेरच्या बाजूला चिकटलेली असून आतल्या कडेवर नुसती टेकते. आकडा अडकवला की इलास्टिक दोन्ही कडा एकमेकींवर ओढून धरते, म्हणजे जुळणी माझ्या हाताच्या अचूकतेवर अवलंबून राहत नाही. पोटरी फुगली की फट मिलिमीटर-दोन मिलिमीटर उघडते आणि पुन्हा मिटते. झाकपट्टीखाली ते दिसत नाही. आकड्यांची तोंडे वरच्या दिशेला ठेवावीत. पहिल्या नडगीत ती खाली केली होती, तेव्हा पाय आपटला की खालचा फास आपोआप निसटत असे.

उजव्या नडगीची अर्धुके मुळात जास्त उघडी होती आणि इलास्टिकला सतत ओढावे लागत होते. एबीएस खऱ्या अर्थाने मऊ व्हायला साधारण १०५ अंश सेल्सिअस लागतात आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, तरी नडगी दोरीने हव्या त्या आकाराला आवळून उकळत्या पाण्यात धरली आणि तशीच थंड होऊ दिली तर वाक बराचसा बसतो. हीट गन वापरू नये असे माझे मत झाले आहे. चाचणीच्या तुकड्यावर ती तीन सेकंद जास्त राहिली आणि पृष्ठभागाला पापडासारख्या लाटा आल्या.

२५ मे

नडगी खाली घसरण्याचा प्रश्न मांडीसारखा टांगून सुटत नाही, कारण गुडघ्यावरून पट्टा नेला तर गुडघा वाकताना तो ओढला जाणार. इथे क्रिकेटचे पॅड कामास आले. पॅडचे पट्टे पोटरीला कितीही सैल बांधले तरी पॅड खाली जात नाही, कारण त्याची खालची कड बुटाच्या पाठीवर टेकलेली असते. पडद्यावरचे बूट घोट्यापर्यंतचे, पांढरे, बाजूला इलास्टिक असलेले आहेत. तसल्या बुटावर नडगीची पुढची कड टेकेल इतपत तिची लांबी ठेवली आणि मागची कड दोन सेंटीमीटर वर कापली, नाहीतर टाच उचलताना ती घोट्यामागच्या शिरेत रुतते.

फिरण्याचा दोष मात्र राहिला होता. नडगी गोल असल्यामुळे दहा मिनिटांत समोरची पट्टी आतल्या बाजूला वळत असे. नडगीच्या हाडाची आतली बाजू सपाट असते, तिथे स्नायू नसतो. त्या सपाटीला टेकेल असा स्पंजचा एकच तुकडा कवचाच्या आत, गुडघ्याखाली चार बोटांवर चिकटवला. बाकी पोटरीला काहीही टेकत नाही. फिरणे थांबले.

डाव्या गुडघ्यावरची पट्टी नडगीच्या वरच्या टोकाला बसवली. तिच्यात आणि मांडीच्या खालच्या कडेत सरळ उभे असताना तीन सेंटीमीटर अंतर ठेवले आहे. ते कमी केले तर चित्रातल्यासारखे अधिक भरीव दिसते, पण गुडघा वाकला की दोन्ही कडा एकमेकींवर चढतात आणि टकटक आवाज येतो. दोन सेंटीमीटरवर आवाज येत होता, तीनवर येत नाही.

१ जून

पूर्ण पोशाखात पहिली चाचणी. सकाळी सहाला रंकाळ्यावर जावे असा घरातल्यांचा आग्रह होता, तो मोडून काढला आणि वाड्याच्या जिन्यावरच काम भागवले. बावीस पायऱ्या, पाच वेळा वर आणि पाच वेळा खाली. त्यानंतर एक तास उभे राहणे, एकदा डावा गुडघा टेकून बसणे, आणि स्टुलाच्या कडेवर अर्धवट टेकणे. पूर्ण मांडी घालून बसता येणार नाही, हे मान्यच केलेले आहे.

मांड्या जागेवर राहिल्या. जिना उतरताना डावे कवच मागून हलके आपटत होते. मागच्या पट्ट्यातील इलास्टिक सैल पडले असावे असे वाटून तपासले, तर इलास्टिक ठीक होते आणि कमरपट्टाच डाव्या बाजूला एक बोट खाली उतरला होता. नवार घामाने ओली झाली की लांबते. कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूला रबरी जाळीचा तुकडा शिवला, गालिचा सरकू नये म्हणून खाली घालतात तसला, आणि घट्ट करण्यासाठी साध्या आकड्याऐवजी दोन कड्यांची बकल घातली, म्हणजे कितीही ढिला पडला तरी ओढून पुन्हा बसवता येईल. भाचीने खालून पाहून सांगितले, “मामा, मागून तुझी रेघ वाकडी आहे.” उजव्या नडगीचा मधला फास पाच मिलिमीटर वर होता. उसवून पुन्हा शिवला.

९ जून

कार्यक्रम झाला. पोशाख दोन तास चाळीस मिनिटे अंगावर होता. बाहेर पाऊस आणि आत पंखे बंद, त्यामुळे घामाची परीक्षा हवी तशी झाली. मुलांपैकी निम्म्यांना हा सैनिक कोण हे ठाऊक नव्हते. त्यांनी गुडघ्यावर टिचक्या मारून तो पोकळ आहे की भरीव हे तपासले. एका मुलाने उजव्या मांडीच्या डब्यांची माळ धरून जोरात ओढली. रिव्हेट टिकला, पुढचे टिचबटण सुटले आणि मांडी मागच्या पट्ट्यावर तिरकी लटकली. कमरपट्ट्याच्या खालून हात घालून ते उभ्या उभ्याच पुन्हा लावता आले, त्याला दहा सेकंद लागले.

घरी येऊन मोजले : डावी मांडी एक सेंटीमीटर खाली, उजवी दीड. नडग्या जागच्या जागी. जिभांपैकी एकही सुटलेली नाही, पितळी बटणांभोवती डाग नाहीत. डाव्या नडगीच्या वरच्या आकड्याचा टाका सैल झाला आहे, तो या आठवड्यात मेण लावलेल्या दुहेरी सुताने पुन्हा घ्यायचा आहे. उजव्या मांडीला पुढे एकाच्या जागी दोन टिचबटणे लावायची आहेत.